अडगळीतील यंत्र आणि छांदिष्ट मनुष्य

छंद या शब्दाला आपल्या भाषेत आदराची आणि थट्टेची अशी दुहेरी छटा आहे. कोणाला गाण्याचा छंद आहे असे कळले म्हणजे ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो. पण कोणी पलंगाखाली तीन मोडके संगणक जमवून ठेवले आहेत असे कळले, की घरची मंडळी कपाळाला हात लावतात. तथापि हा दुसऱ्या जातीचा छांदिष्ट आता विरळा राहिलेला नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी कोठेही फेरी मारावी. दुकानदाराने भंगारात काढलेल्या वस्तूंची बारकाईने चौकशी करणारा एक तरी गृहस्थ भेटतोच. त्याला नवा संगणक नको असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रात बसेल अशी रॅमची पट्टी त्याला हवी असते. आणि घरी जाऊन त्या यंत्रावर तो जी कार्यप्रणाली चढवितो तिचे नाव बहुधा लिनक्स असते. या छंदाकडे केवळ रिकामपणाचा उद्योग म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु जरा खोलात शिरले तर असे दिसते, की वस्तूवरील मालकी, ज्ञानावरील अधिकार आणि टाकाऊपणाची व्याख्या असे तीन गंभीर प्रश्न त्या पलंगाखालच्या पसाऱ्यात दडलेले आहेत.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. संगणक विकत घेणारा मनुष्य पेटी, पडदा आणि कळफलक यांचा मालक होतो. पण त्या पेटीतील स्मृती कोणत्या कामाला किती द्यावयाची, गणन करणाऱ्या प्रोसेसरचा वेळ कसा वाटावयाचा, तबकडीवर काय कोठे लिहावयाचे, हे सारे ठरविणारी एक आज्ञावली आत वावरत असते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. जुन्या वाड्यात मालकापेक्षा कारभाऱ्याच्या कमरेला अधिक किल्ल्या असत. संगणकातील कर्नल हा तसा कारभारी होय. हा कारभारी बाहेरच्या कोणाच्या हुकमाने वागत असेल, त्याच्या वह्या पाहण्याची मालकालाच मनाई असेल, तर मालकी नावापुरतीच उरते. लिनक्स हा असा कारभारी आहे की त्याच्या वह्या सर्वांना उघड्या आहेत. त्या वाचाव्यात, त्यांत दुरुस्ती करावी, दुसऱ्याला नकलून द्याव्यात, आडकाठी नाही.

या कर्नलाचा जन्मही एका हौशी माणसाच्या खोलीतच झाला. लिनस टोर्वाल्ड्स हा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी. १९९१ च्या जानेवारीत त्याने हप्त्यांनी पैसे फेडण्याच्या बोलीवर एक संगणक घेतला. त्याचा प्रोसेसर ३८६ जातीचा, वेग ३३ मेगाहर्ट्झ आणि स्मृती ४ मेगाबाइट. आज साध्या भ्रमणध्वनीतही याच्या हजारपट स्मृती असते. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली तयार केलेली मिनिक्स नावाची छोटी कार्यप्रणाली त्याने त्या यंत्रावर बसविली; पण तिच्या मर्यादा त्याला जाचू लागल्या, आणि तो स्वतःच एक लिहू लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चामंडळास कळविले, की आपण एक कार्यप्रणाली करीत आहोत, हा केवळ छंद आहे, आणि आपल्यापाशी जी तबकडी आहे तिच्याखेरीज दुसऱ्या जातीच्या तबकड्यांवर ती बहुधा कधीच चालणार नाही. त्याच्या मनात तिचे नाव फ्रीक्स असे होते. ज्याने ती इतरांना उतरवून घेण्यासाठी जाळ्यावरील एका यंत्रावर ठेवली, त्याने परस्पर लिनक्स हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. त्या वर्षी सप्टेंबरात निघालेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. भविष्यकथन इतके चुकावे असे क्वचितच घडले असेल. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या पोटात तेच आहे. आणि १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावरील विरळ हवेत प्रथम उडालेल्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरातही तेच होते.

पण एकट्या विद्यार्थ्याच्या बुद्धीचे हे फळ नव्हे. त्याच्या आठ वर्षे आधी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक निराळे बीज पेरले होते. सुमारे १९८० च्या काळात मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील त्यांच्या प्रयोगशाळेत एक नवे मुद्रणयंत्र आले. ते वारंवार अडे. आज्ञावलीत थोडा फेरफार करून, यंत्र अडताच सर्वांना सूचना मिळावी अशी सोय त्यांनी आधीच्या यंत्रात केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना पाहू दिली गेली नाही. समोर यंत्र आहे, दुरुस्ती करण्याची बुद्धी आहे, इच्छा आहे. तरी हात बांधलेले. या अनुभवातून त्यांच्या विचाराला दिशा मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली. पुढे १९८९ साली त्यांनी एक परवाना रचला. आज्ञावली वापरा, तपासा, बदला आणि वाटा. मात्र ती पुढे वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच अधिकार द्या, एवढीच त्याची अट. टोर्वाल्ड्सने १९९२ साली आपल्या कर्नलाला हाच परवाना लावला. ग्नूची अवजारे आणि लिनक्सचा गाभा यांची अशी सांगड बसली. घेणाऱ्याने पुढे देत राहावे, या एका अटीमुळे ही ठेव कोणा एकाच्या तिजोरीत अडकून पडली नाही.

आता या साऱ्याचा पलंगाखालच्या जुन्या यंत्राशी संबंध काय? संबंध असा, की लिनक्समध्ये गाभा वेगळा आणि वरचा साज वेगळा असतो. खिडक्या, चित्रे, सजावट यांचे अनेक संच उपलब्ध आहेत. काही डौलदार पण वजनदार, काही साधे पण हलके. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका संच निवडला तर २ गिगाबाइट स्मृतीचे यंत्रही पत्रलेखन, हिशेब आणि वाचन ही कामे विनातक्रार करते. पडद्याची गरजच नसेल तर साज अजिबात उतरवून ठेवता येतो. तालेवाराचा पोशाख म्हाताऱ्याच्या अंगावर चढविला तर तो वाकतो. पण साधे धोतर-उपरणे दिले तर तोच म्हातारा दोन कोस चालून दाखवितो.

हौशी मनुष्य कामाला कसा लागतो, हे पाहण्यासारखे असते. तो आधी निदान करतो. यंत्र बंद पडले याचा अर्थ ते मेले असा नव्हे. पुष्कळदा पंख्यात धूळ साचून हवा कोंडलेली असते. प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. धूळ झाडून, प्रोसेसर आणि उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा यांमधील वाळलेला लेप पुसून नवा लावला, की निम्मा आजार बरा होतो. कधी दोष असतो तो फलकावरील एका चपट्या घटकाचा. २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा हा सेल, आणि म्हणूनच त्याचे नाव सीआर २०३२. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की यंत्र प्रत्येक वेळी काही वर्षे मागे जाऊन जागे होते. मग बँकेची किंवा टपालाची सुरक्षित पाने उघडेनाशी होतात, कारण त्या पानांची ओळखपत्रे त्या जुन्या तारखेला अजून लागूच झालेली नसतात. अजाण मनुष्य यंत्र बिघडले म्हणून ते विकून टाकतो. जाणता थोडक्या रुपयांचा सेल बदलतो.

त्यानंतर पाळी तबकडीची. जुन्या लॅपटॉपमधील फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हा काळ क्षुल्लक वाटतो, पण यंत्र सुरू होताना अशा हजारो नोंदी वाचाव्या लागतात. तिच्या जागी काहीही न फिरणारी एसएसडी बसविली की तोच शोध सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात लागतो. म्हातारे यंत्र एकाएकी तरुण झाल्यासारखे वाटते ते यामुळे. प्रोसेसर होता तोच असतो. मग पेन ड्राइव्हवर डेबियनसारखी एखादी वितरणाची आवृत्ती घ्यावयाची, यंत्राला तीवरून सुरू होण्यास सांगावयाचे, आणि तबकडीची वाटणी करून ती बसवावयाची. डेबियन हे १९९३ साली इयन मरडॉक यांनी आरंभिलेले आणि आजही स्वयंसेवकांनी चालविलेले वितरण आहे. एका संध्याकाळचे हे काम. अनुभवी मनुष्य मात्र त्याआधी जुन्या तबकडीवरील छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसरीकडे नकलून ठेवतो, कारण वाटणी करताना झालेली घाई पुढे फार महाग पडते.

असे सावरलेले यंत्र घरात पुष्कळ प्रकारे उपयोगी पडते. एकावर घरातील सर्वांची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे ठेवून ती कोणत्याही खोलीतून पाहता-ऐकता येतात. दुसरे रोज रात्री सर्वांच्या कागदपत्रांच्या नकला घेते. रसिंक नावाचे अवजार त्यासाठी केवळ बदललेला भाग तेवढा हलविते. तिसरे जाहिराती पाठविणाऱ्या पत्त्यांना दारातच अडविते, आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी पडद्यावर येणारा गोंगाट बराच कमी होतो. चौथ्यावर शाळकरी मुलगी आपला पहिला प्रोग्रॅम लिहिते. मोडले तर पुन्हा बसविता येते, एवढी निर्भयता नव्या महागड्या यंत्राने कधीच दिली नसती. या शेवटच्या लाभाची किंमत पैशांत करता येत नाही.

परंतु हौशी माणसाने हिशेबाकडे डोळेझाक करू नये. जुना मेजावरचा संगणक स्वस्थ बसूनही सुमारे ६० वॉट वीज खातो असे धरले, तर चोवीस तासांत १.४४ आणि महिन्यात सुमारे ४३ युनिटे होतात. १५ वॉटचा जुना लॅपटॉप महिन्याला सुमारे ११ युनिटे घेतो. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या जातीतील यंत्र ५ वॉटवर चालले तर साडेतीन युनिटांच्या आसपास भागते. तेव्हा अखंड चालू ठेवावयाच्या कामाला अवजड जुनी पेटी लावणे हे काटकसरीच्या नावाखाली केलेली उधळपट्टी ठरते. तिला दिवसातून तास-दोन तासांचे काम द्यावे आणि अखंड पहाऱ्यासाठी लॅपटॉप नेमावा, हे शहाणपण होय. तसेच फुगलेली बॅटरी ताबडतोब काढून टाकावी, आणि वीज पुरविणारी पेटी, तिच्यात तार काढल्यावरही काही काळ विद्युत्भार राहतो म्हणून, नवशिक्याने उघडू नये. छंद झाला तरी त्याला पथ्य आहेच.

या प्रश्नाला अलीकडे निकडीचे रूप आले ते एका तारखेमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या बहुप्रचलित कार्यप्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला. वाढीव मुदतीची सोय झाली, तीही मर्यादित काळापुरती. नव्या आवृत्तीने सुरक्षेसाठी टीपीएम २.० नावाचा भाग आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर यांची अट घातली. त्यामुळे साधारणतः २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे अधिकृतपणे अपात्र ठरली. सुरक्षेचे कारण खोटे आहे असे नव्हे. पण आदल्या रात्री उत्तम चालणारे यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी जुने ठरले, आणि त्यातील एकही खिळा ढिला झालेला नव्हता, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. वस्तू कधी जीर्ण झाली हे पूर्वी वस्तूच सांगत असे. आता ते दूरचा करारनामा सांगतो.

टाकलेले यंत्र जाते कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. आपल्या देशात दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून हे फलक हातांनी फोडले जातात. तांबे मिळविण्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि शिशासारखी विषारी द्रव्ये त्या हातांच्या आणि फुप्फुसांच्या वाट्याला येतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे, हे चांगलेच झाले. परंतु यंत्र तयार करताना जी ऊर्जा आणि जी खनिजे खर्ची पडतात ती पुनर्वापरातून पुरती परत येत नाहीत. लॅपटॉपसारख्या वस्तूच्या आयुष्यभराच्या कर्बभारापैकी मोठा वाटा ती तयार होतानाच पडून गेलेला असतो. म्हणून ती चार वर्षे अधिक वापरणे हा पुनर्वापराहूनही श्रेष्ठ मार्ग होय.

तथापि लिनक्स म्हणजे अमरत्वाचा पट्टा नव्हे. ज्या ३८६ प्रोसेसरावर ते जन्मले, त्याचा आधार कर्नलाने २०१३ साली काढून घेतला. २०२५ च्या ऑगस्टात आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने जुन्या ३२ बिटी पीसींवर ती बसविण्याची सोय बंद केली. आणि अशा यंत्रांपुढे काळाचाच एक पेच उभा आहे. युनिक्स घराण्यातील प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांच्या जुन्या मोजणीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढेच सेकंद मावतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी हे भांडे भरेल, आणि जे यंत्र सुधारलेले नसेल ते पुढच्याच सेकंदाला १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडेल. २०२० साली कर्नलात यावर उपाय झाला; पण वरच्या आज्ञावल्याही सुधारलेल्या असाव्या लागतात. तात्पर्य, इथेही आयुष्याला सीमा आहे. फरक इतकाच, की ती का आली हे उघडपणे सांगितले जाते, आणि ज्याला परवडेल त्याला ती पुढे ढकलण्याची मुभा असते.

दुसरी मर्यादा माणसांची. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कोणाचे तरी श्रम असतात, याचे विस्मरण फार लवकर होते. २०२४ च्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या तज्ज्ञाला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. दुसरा कोणी ते सोडून देता; त्याने माग काढला. तेव्हा दिसून आले, की एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या आज्ञावलीत कोणीतरी चोरवाट खोदली आहे. ती आज्ञावली वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकटा स्वयंसेवक सांभाळीत होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन परक्याने दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन केला आणि मग दगा दिला. वह्या उघड्या होत्या म्हणून चोरी पकडली गेली, हे खरे. पण वह्या उघड्या असणे आणि त्या कोणी वाचीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही तितकेच खरे. हौशी माणसाची चिकित्सा ही चैन नसून सार्वजनिक पहारा आहे, हे त्या अर्ध्या सेकंदाने दाखवून दिले.

भारतीय भाषिकांना तर यात विशेष स्वारस्य असावयास हवे. आपल्याकडे हा छंद पसरला तो १९९० च्या दशकात, पीसीक्वेस्टसारख्या मासिकांनी अंकासोबत वाटलेल्या तबकड्यांमुळे. पुढे केरळने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त आज्ञावलीवर आणले. मराठीपुरते एक उदाहरण पुरेसे आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांत केवळ रफाराचा भेद; एक गुरुजनांना उद्देशून, दुसरा स्वयंपाक्यांना. आरंभीच्या पुष्कळ अक्षरसंचांत हा भेद उमटत नसे, आणि संगणकावर विद्वानांची रवानगी थेट मुदपाकखान्यात होई. बंद आज्ञावलीत असा दोष आढळला तर अर्ज करून वाट पाहावी लागते; मराठी बाजारपेठ लहान वाटली तर ती वाट लांबते. लोहितसारख्या मुक्त परवान्याच्या अक्षरसंचात ज्याला मराठी येते तोच दोष दाखवू शकतो आणि सुधारूही शकतो. डेबियन बसविताना पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी दिसते, ती कोणा व्यापाऱ्याच्या कृपेने नव्हे. कोणीतरी फावल्या वेळात बसून ते शब्द घडविले म्हणून. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी माणसालाही या कामात भाग घेण्यास गावाचे अंतर आड येत नाही.

सारांश, हा छांदिष्ट मनुष्य जुन्याला कवटाळून बसणारा नव्हे. नवे यंत्र ज्याला हवे त्याने अवश्य घ्यावे. प्रत्येकाने पेचकस हाती धरावा असा आग्रहही व्यर्थ आहे. पण प्रत्येक वस्तीत वस्तू उघडून पाहणारी चार माणसे असणे हे त्या वस्तीच्या आरोग्याचे लक्षण आहे. आपल्या आजोबांच्या काळी घड्याळ, सायकल, शिवणयंत्र आणि रेडिओ उघडणारी माणसे गल्लोगल्ली होती, आणि त्यामुळे त्या वस्तू दोन-दोन पिढ्या चालल्या. संगणक ही त्याहून गूढ वस्तू खरी. पण ज्याच्या वह्या उघड्या आहेत तो कारभारी लाभला तर तीही समजून घेता येते. घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी शेजारच्या अशा एखाद्या मुलाला वा मुलीला बोलवावे. कदाचित् यंत्र सुधारेल, कदाचित् सुधारणार नाही. परंतु ते का चालत होते आणि का थांबले, एवढे तरी त्या घराला कळेल; आणि पुढचे यंत्र घेताना ते घर पूर्वीपेक्षा अधिक डोळसपणे घेईल.